बाळ काचेत, आम्ही ओट्यावर: नवजात बाळाच्या दवाखान्याच्या खर्चाला मदत कुठून मिळते?

आर्णीकर_मामा | ८ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतो. पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही दवाखान्याच्या ओट्यावर बसून.

माझ्या लहान बहिणीला सोमवारी पहाटे एकाएकी कळा सुरू झाल्या. एकतीस आठवडे झाले होते. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, वजन १ किलो २८० ग्रॅम. रडली, पण श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, हिला काचेत ठेवावं लागेल, इथं सोय नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. त्या धावपळीत दारात उभी असलेली खासगी गाडी केली आणि गाडीवाल्याने नेलं त्या शहरातल्या रुग्णालयात पोचलो. भरती करतानाच चाळीस हजार भरले.

आज सहावा दिवस. दिवसाचे अकरा हजार, औषधं वेगळी, फुप्फुसासाठी दिलेलं एक इंजेक्शन वेगळं. आतापर्यंत एक लाख पाच हजार गेले. जावयाची तीन एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. पहिला वेचा घरात पडून आहे, भाव पडलेला. केशरी कार्ड आहे. काल जावई म्हणाले, बैलजोडी काढतो. मी म्हटलं दोन दिवस थांबा.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, बाळ आत असताना दवाखान्यातूनच काही आर्थिक मदत मिळते का? दोन, आता सरकारीत हलवता येईल का? तीन, कोणाला भेटायचं? इथं काउंटरवर विचारलं की "बिल भरून या" एवढंच सांगतात.

बाळ स्थिर आहे असं डॉक्टर म्हणाले. बहिणीला अजून बाळ नीट बघायला मिळालेलं नाही.

---

मृगनक्षत्र | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

देव करो आणि पोरगी धडधाकट घरी येवो. माहीतगार लोक येतीलच, धागा वर ठेवते.

---

सिस्टर_वर्धा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मामा, मी नवजात कक्षात अकरा वर्षं काम केलंय. आज रविवार असला तरी दोन गोष्टी लगेच करा.

पहिली, ते रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. १५५३८८ वर फोन लावा. योजनेतलं असेल तर तिथं योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतो, त्याचं टेबल शोधा. पूर्वी ही मोफत उपचारांची योजना पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. आपल्या अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही सातबाऱ्यावर बसायचे. आता सगळ्याच रेशनकार्डांना आहे आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली आहे. "बाळाचं नाव कार्डावर नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आईबापाचं कार्ड आणि बाळाच्या जन्माचा दाखला चालतो. जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं होते, एकवीस दिवसांच्या आत, फुकट. आजच कोणाला तरी तालुक्याला पाठवा.

दुसरी, ते ट्रस्टचं रुग्णालय आहे का ते विचारा. असेल तर वेगळा मार्ग आहे, तो जाणकार सांगतील.

आणि बहिणीला बाळाजवळ जाऊ द्या म्हणून आग्रह धरा. हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन घालून आईला आत जाता येतं. तिचं दूध काढून नळीने देता येतं. हे मी पैशाच्या धाग्यावर मुद्दाम लिहितेय. आईचं दूध मिळालेल्या बाळाला जंतुसंसर्ग कमी होतो, म्हणजे आतले दिवसही कमी होतात.

---

धानपट्टा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मामा, मी साकोलीकडचा. माझी जुळी २०२३ च्या ऑक्टोबरात झाली, एक १४५० ग्रॅम, एक १६००. आम्ही सरकारीतच ठेवली. खरं सांगतो, पाय उचलत नव्हता. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या याच कक्षाला आग लागून दहा बाळं गेली होती. त्या गावांतून आजही त्या रात्रीचं नाव निघालं की बाया डोळ्याला पदर लावतात. माझी आई म्हणाली, शेत विक पण तिथं ठेवू नको. खासगीत विचारून आलो. दोघांचे मिळून दिवसाला वीस हजार. मग इलाजच नव्हता.

आत एक पैसा लागला नाही. औषध, रक्त, तपासण्या, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. ही योजना २०११ ची आहे. आधी तीस दिवसांच्या बाळापर्यंत होती, पुढे एक वर्षापर्यंत वाढली. सिस्टरांनी लेकरं पोटच्यासारखी सांभाळली. दोघंही आता अंगणभर पळतात.

पण मी एक वही ठेवली होती, ती आजही आहे. सव्वीस दिवसांत एसटी आणि ऑटो ३,१००. माझं, बायकोचं आणि सासूबाईंचं जेवण-चहा ७,४००. टोप्या, दुपटी, डायपर १,९००. आणि ऐन धान कापणीत मी तिथं बसलेलो, म्हणून कापणीचे मजूर ९,०००. एकूण २१,४००. फुकट उपचारात.

बायको सिझरची. त्या योजनेत आईला जेवण मिळतं ते साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस. आठव्या दिवशी तिचा डबा बंद झाला. बाळं आत, दर दोन तासांनी दूध काढून द्यायचं, आणि दूध देणारी आई कागदावर "सुट्टी झालेली". ती बाहेर व्हरांड्यात टाके सांभाळत चटईवर झोपायची. मला कोणावर राग काढायचा नाही. त्या कागदात बाळ एकटंच रुग्ण धरलंय, एवढंच सांगायचंय.

---

खामगावची_सून | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

धानपट्टा, वाचून गलबलून आलं. वही +१. अशी वही प्रत्येक घरी निघेल.

---

स्पष्टच_बोलतो | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

मामा, राग नोका येऊ देऊ. पण दारात उभी असलेली खासगी गाडी काऊन केली? १०२ ले नाई तर १०८ ले फोन लावाचा होता. ते गाडीवाले कोन्या दवाखान्यात नेते अन् कोनाकडून पैसे घेते हे आमच्या गावात लहान पोट्ट्यालेही मालूम हाय. माह्या चुलतभावाचं असंच झालं. दोन एकर गेलं.

---

आर्णीकर_मामा | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण पहाटे साडेचारला बहीण रक्तात आणि बाळ निळं पडताना काही सुचलं नाही. गाडी समोर होती, बसलो.

---

बालरोग_तालुका | ९ नोव्हेंबर, दुपारी १:००

मी तालुक्याच्या गावी खासगी बालरोगतज्ज्ञ आहे. स्पष्टच_बोलतो यांचा अनुभव मी नाकारत नाही, ते प्रकार होतात आणि ते पाप आहे. पण मामांना दोष देऊ नका. पहाटे कोणाचंही हेच होईल.

मामा, तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. हलवायचं की नाही हे पैशावर नाही, आधी बाळावर ठरवा. चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात ते फुललेलं ठेवणारा द्रव पुरेसा नसतो. तुमच्या भाचीला दिलेलं इंजेक्शन तेच असणार, सर्फॅक्टंट. ते महागच असतं. आता ती कशाच्या आधारावर आहे ते विचारा: व्हेंटिलेटर, नाकातून दाबाने हवा, की साधा ऑक्सिजन? व्हेंटिलेटरवर असेल तर गाडीत घालू नका. स्थिर असेल तर आधी सरकारी किंवा सेवाग्रामसारख्या संस्थेच्या कक्षात फोन करून जागा आहे का ते पक्कं करा. यवतमाळचं मेडिकल, अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, वर्ध्याचं सेवाग्राम, जे जवळ पडेल ते. बाळ वाटेत गार पडता कामा नये. गाडीत उबेची पेटी किंवा निदान आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून. सोबत सिस्टर आणि उपचाराचा लेखी सारांश हवाच.

एक आमची बाजूही सांगतो. अशा कक्षात दोन-तीन बाळांमागे एक प्रशिक्षित सिस्टर चोवीस तास लागते, वीज एक मिनिट जाऊन चालत नाही. योजनेचे पैसे रुग्णालयाला फार उशिरा येतात, म्हणून लहान रुग्णालयं योजनेत यायला कचरतात. हे कारण आहे. पण घरच्यांना पहिल्याच दिवशी "आमच्याकडे योजना नाही, अमुक ठिकाणी आहे" हे न सांगण्याला काहीच कारण नाही. ते सांगायला पैसे लागत नाहीत.

---

स्पष्टच_बोलतो | ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य मले पटलं. मामा, माफ करा, तुमाले दुखवाचं नोतं.

---

आर्णीकर_मामा | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

माफी कशाची भाऊ.

ताजी खबर: रुग्णालय फुले योजनेत नाही, फोनवर कळलं. पण ट्रस्टचं आहे, पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक छापलाय. काउंटरवर विचारलं. उत्तर आलं, "गरिबांचा कोटा भरला." बाळ नाकातल्या हवेवर आहे, डॉक्टर म्हणाले दोन दिवस हलवू नका. आणि सिस्टर_वर्धा, तुमचं नाव घेऊन भांडलो. बहिणीला आत सोडलं. बाळाने तिचं बोट धरलं.

---

न्यासकाका | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

बोट धरलं हे वाचून आनंद झाला. आता शांतपणे वाचा. मी धर्मादाय नोंदणीच्या कामात आयुष्य काढलं आहे.

सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांवर न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ कक प्रमाणे बंधन आहे आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना घालून दिली. एकूण खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत. आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने. त्यासाठी रुग्णालयाने प्रत्येक बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची, त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात. म्हणजे तुम्ही भरलेल्या एक लाख पाच हजारांतूनही दोन टक्के त्याच निधीत जायला हवेत. त्या निधीवर तुमच्या भाचीचा हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही.

उत्पन्नाची मर्यादा पूर्वी निर्धनांना ८५ हजार आणि दुर्बलांना १ लाख ६० हजार होती. ती वाढून १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार झाली. तीन एकर कोरडवाहू म्हणजे तुम्ही बहुधा पहिल्याच गटात बसाल. तातडीच्या रुग्णाला आधी भरती करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे, अनामत मागायची नाही, हेही त्याच योजनेत आहे.

"कोटा भरला" हे तोंडी उत्तर घेऊ नका. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाच्या नावे अर्ज लिहा, पोच घ्या. रिकाम्या राखीव खाटांची माहिती त्यांनी दाखवायची असते. उद्या सोमवार आहे. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्जाची एक प्रत द्या. भांडू नका, पोच मागा. पोचेचा शिक्का बघितला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

न्यासकाकांच्या जोडीला एक. उद्या तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढाच, तो सगळीकडे लागेल. धर्मादायचं जमलं नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्यात नवजात शिशूंचे आजार बसतात. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं, रेशनकार्ड, आणि बाळाचं आधार नसतं म्हणून आईचं आधार. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही त्याचा कक्ष आहे, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

पण बाळ भरती असतानाच अर्ज करा. सुट्टी झाल्यावर बिलं घेऊन गेलात तर प्रतिपूर्ती मिळत नाही. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी बाप बिलांची जुडी घेऊन उभे राहिले. त्यांना परत पाठवताना माझा घास गोड लागत नसे.

---

पुण्यातून_दर्यापूर | १० नोव्हेंबर, सकाळी ८:००

मामा, एवढे कागद गोळा करण्यापेक्षा ऑनलाइन मदतनिधी उभा करूया का? आपण सगळे मिळून दोन दिवसांत पन्नास हजार जमवू. माझे पाच हजार आत्ताच.

---

आर्णीकर_मामा | १० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

तुमच्या पाच हजारांचं ओझं आयुष्यभर आनंदाने वागवीन. पण जावई नको म्हणाले. बाळाचा नळ्या लावलेला फोटो लोकांना दाखवायचा नाही म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही.

---

न्यासकाका | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

जावयांचं मला पटतं. पुण्यातून_दर्यापूर, तुमचं मन मोठं आहे, पण हक्काचा निधी पडून असताना वर्गणी काढली की तो निधी तसाच पडून राहतो, आणि पुढच्या बाळाच्या बापालाही काउंटरवर "वर्गणी काढा" सांगतात.

---

पुण्यातून_दर्यापूर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

मान्य, तत्त्व म्हणून. पण तत्त्व सिद्ध होईपर्यंत रोज अकरा हजारांनी बिल वाढतंय. बैल विकले गेले तर पुढच्या हंगामात तत्त्व औताला जुंपता येत नाही. माझे पाच हजार बाजूला काढून ठेवलेत, लागले तर सांगा.

---

आशा_वर्कर_घाटंजी | १० नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी आशा हाओ. माह्या गावात मी सातव्या महिन्यातच बाईच्या घरी जाऊन एक पन्नी भरून ठेवतो. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, दोघाइचं आधार, बँकेचं पासबुक, माता बाल कार्ड, अन् एका कागदावर १०२, १०८ अन् माहा नंबर. मंग सासूले इचारतो, लेकरू लहान झालं त कोठी न्यायचं? सासू म्हणते अशुभ नोको बोलू. मी म्हणतो माय, शुभच बोलून राह्यली, पहिले ठरवून ठेवलं त रात्री कोन्या गाडीवाल्याले इचारा लागत नाई.

मागच्या साली माह्या गावची एक बाई अशीच आठव्यात गेल्ती. पन्नी घेऊन निघाले, १०२ नं सीधे सरकारीत. लेकराची अठरा दिवस पेटी. एकही दागिना मोडला नाई. येतानाही सरकारी गाडीनंच घरी सोडलं, ते बी त्याच योजनेत हाय, मांगा लागते फक्त.

घरी आल्यावर मी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी जातो. वजन, ताप, दूध पिते का, छाती आत जाते का, सारं पाह्यतो. मामा, लेकरू घरी आनलं का तुमच्या गावच्या आशाले पह्यल्याच दिवशी सांगा.

---

मास्तर_चामोर्शी | १० नोव्हेंबर, रात्री ८:१०

ताई, तुम्ही हे जे दिवस मोजून घरी जाता, त्याची मुळं आमच्या गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांना शिकवली गेली. बिलाच्या धाग्यावर हे अवांतर वाटेल. पण गावातच वेळेवर ऊब, दूध आणि औषध मिळालं तर बरीच लेकरं काचेपर्यंत पोचतच नाहीत.

आणखी एक जुनी आठवण. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला, तेव्हा लोक वर्गणी ज्वारीच्या रूपात देत. पीक निघालं की ऐपतीप्रमाणे पायल्या मोजायच्या, त्या बदल्यात उपचारात सवलत. पैसा नसेल, पण सुगीत ज्वारी असते, हे ज्याला सुचलं त्याला आपला शेतकरी कळला होता. आज आपल्या गावांनी बाळंतपणासाठी असा साठा का करू नये?

---

धानपट्टा | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

मास्तर, कल्पना चांगली आहे, पण उपचाराचा भार पुन्हा गावावर नको. तो सरकारचाच. गावाने करायचं तर आईच्या जेवणाचं आणि बापाच्या शेताचं करावं. मी तिथं बसलो असताना शेजाऱ्यांनी दोन दिवस माझं धान बांधून दिलं असतं तर माझे नऊ हजार वाचले असते. मीही कोणाला सांगितलं नव्हतं म्हणा.

---

धारणीचा_गुरुजी | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

मेळघाटातून लिहितो. इथं प्रश्न बिलाचा कमी आणि दिवसांचा जास्त आहे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. बाळ तिकडे पाठवलं की आई त्याच्यासोबत जाते. घरी आणखी दोन लेकरं, बाप मजुरीला. चौथ्या-पाचव्या दिवशी बाप येतो, कागदावर अंगठा देतो आणि बाळाला घेऊन जातो. सिस्टर हात जोडतात, तरी नेतो. आपण शहरात बसून त्याला अडाणी म्हणतो. तो अडाणी नाही, त्याच्या घरी चूल पेटलेली नसते.

कुपोषित लेकरू पोषण पुनर्वसन केंद्रात भरती झालं तर आईला रोजची बुडित मजुरी मिळते. त्यामुळे ती चौदा दिवस थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग दीड किलोच्या बाळाजवळ तीन आठवडे बसणाऱ्या आईलाही तीच बुडित मजुरी आणि दोन वेळचा डबा का नाही? धानपट्टांची वही आणि आमचा अंगठा, दुखणं एकच आहे.

---

सिस्टर_वर्धा | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

गुरुजी, शंभर टक्के. आम्ही अंगठा घेताना रडलो आहोत.

फुले योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आणि सुट्टी झाल्यावर एसटीचं परतीचं भाडंही धरलेलं असतं. फार कमी लोक मागतात. पण तिथंही रुग्ण म्हणजे बाळ, आणि बाळाचं जेवण आईच्या अंगावर. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांना रुग्णाचे नातेवाईक कुठं झोपतात हे दिसलं, म्हणून धर्मशाळा उभ्या राहिल्या. प्रत्येक नवजात कक्षाला लागून आयांसाठी एक खोली आणि सकाळ-संध्याकाळ डबा, एवढं बांधकाम व्हायला काय हरकत आहे? नव्या ठिकाणी आईची खाट बाळाशेजारीच ठेवायला सुरुवात झाली आहे, ते सगळीकडे व्हायला हवं.

---

अबोली_पुसद | १० नोव्हेंबर, रात्री ११:५५

माझं बाळ नऊ दिवस होतं. दहाव्या दिवशी गेलं. रुग्णालयाने उरलेले सदतीस हजार भरेपर्यंत त्याला आमच्या हातात दिलं नाही. संध्याकाळपासून सकाळपर्यंत. माझे सासरे गावात घरोघर फिरले.

२०२१ साली राज्यात नियम आला की पैशासाठी मृतदेह अडवता येत नाही. आमचं त्याच्या आधीचं. नियम झाला ते बरं झालं. तुम्ही सगळ्यांनी तो लक्षात ठेवा.

---

मृगनक्षत्र | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

अबोली ताई, तुमच्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं?

---

अबोली_पुसद | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ठेवलं नव्हतं. मी मनात वेदू म्हणायची. विचारल्याबद्दल आभार. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

---

आर्णीकर_मामा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

अबोली ताई, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ माझा हात धरून बसली.

काय काय झालं ते सांगतो. सोमवारी जावई तहसीलला गेले. तिथल्या बाईंनी बाळाचा विषय ऐकून त्याच दिवशी उत्पन्नाचा दाखला दिला, ७२ हजारांचा. मी इथं समाजसेवकाच्या खोलीबाहेर अडीच तास बसलो. अर्ज दिला, पोच मागितली, द्यायला तयार नव्हते. धर्मादाय कार्यालयात प्रत दिली, तिथून रुग्णालयाला फोन गेला. मंगळवारी दुपारी समाजसेवक स्वतः खाली आले. नीट वागले. म्हणाले, अर्ज पहिल्या दिवशी आला असता तर पहिल्या दिवसापासून बसवलं असतं. मी म्हटलं, साहेब, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी दिला असता. ते गप्प राहिले, मग म्हणाले, खरं आहे.

११ तारखेपासून भाची निर्धन रुग्ण निधीत. खाट, औषधं, तपासण्या सगळं. आधी भरलेलं परत मिळणार नाही, दोन दिवसांची थकबाकी माफ झाली. बैलजोडी गोठ्यातच आहे. आईच्या पाटल्या मात्र गहाण पडल्या आहेत.

---

न्यासकाका | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

शाब्बास मामा. दर आठवड्याला बिलावर "निर्धन" असा शेरा आहे ना, ते बघत राहा.

---

बालरोग_तालुका | १२ नोव्हेंबर, रात्री १०:००

आता हलवू नका, तिथंच राहू द्या. दोन गोष्टी लिहून ठेवा. बाळ दोन किलोच्या आतलं आणि चौतीस आठवड्यांच्या आधीचं आहे, म्हणून चार आठवडे पूर्ण व्हायच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवीच. ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते, आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसरं, कांगारू पद्धतीने छातीशी धरायला सांगतील तेव्हा जावयांनाही बसवा. बापाची छातीही तितकीच उबदार असते.

---

आर्णीकर_मामा | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

मंडळी, पोरगी काल घरी आली. वजन १ किलो ७९० ग्रॅम. २८ नोव्हेंबरला डोळे तपासले, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. जावई रोज तीन-तीन तास तिला छातीशी धरून बसायचे. तूर तशीच उभी होती, तर गावातल्या चौघांनी न सांगता फवारणी करून टाकली. धानपट्टा, तुमचं वाचून मी एकाला फोन केला होता.

शेवटच्या आठवड्यात आम्ही एक काम केलं. एका पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाळ आत असेल तर पहिल्या दिवशी काय विचारायचं, कोणाला भेटायचं, कोणते नंबर. कक्षाबाहेरच्या भिंतीला चिकटवला. सुरक्षारक्षकाने काढला. दुसऱ्या दिवशी तोच कागद कक्षाच्या मोठ्या सिस्टरांनी आतल्या बाजूला, आया दूध काढायला बसतात तिथं लावला.

---

आशा_वर्कर_घाटंजी | ४ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

माय माय, १ किलो ७९०! मामा, लेकराले टोपी-मोजे काढू नोका, अन् गुटी, मध कायी चाटवू नोका, फक्त मायचं दूध. तुमच्या गावची आशा आली का नाई?

---

धारणीचा_गुरुजी | ४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

मामा, त्या कागदावरचा मजकूर इथं टाका. मी कोरकूत करून दोन्ही दवाखान्यांत लावतो. चित्रंही काढून घेतो पोरांकडून, वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

---

आर्णीकर_मामा | ४ डिसेंबर, रात्री ८:०५

गुरुजी, आज रात्रीच टाकतो. आशाताई सकाळीच येऊन वजन करून गेल्या. बहीण आता बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजतेय आणि मला दिवा धरायला बोलावतेय, लाइट गेली आहे.